मधला वेळ किती ठेवावा?

समजा, परदेशातून येणारे विमान मुंबईला दुपारी दोन वाजता उतरणार आहे आणि नागपूरकडे जाणारी रात्रगाडी संध्याकाळी सात वाजता सुटणार आहे. मध्ये पाच तास आहेत. ते पुरतील का? असे विचारले तर दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एक जण म्हणतो, "पाच तास म्हणजे चिक्कार झाले!" दुसरा म्हणतो, "विमानाचा काय भरवसा? सरळ एक दिवस मुंबईत राहा." दोघेही आपापल्या अनुभवावरून बोलत असतात, पण हिशेब कोणीच करत नाही. हा हिशेब करता येतो. त्याला शाळेत शिकवल्या जाणाऱ्या गणिताहून फारसे अधिक काही लागत नाही, आणि तो करता करता संभाव्यता व प्रमाण विचलन या दोन कल्पना विद्यार्थ्यांना चांगल्या समजतात.

उदाहरणासाठी आपण मुक्काम मुद्दाम अडचणीचा घेऊ. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातले सूरजागड आता लोहखनिजाच्या खाणीमुळे सर्वांना माहीत झाले आहे. त्याआधीपासून माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचे ठिकाण म्हणून तिथल्या डोंगराला मान आहे. गावाजवळ रेल्वे नाही. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेचे स्थानक आहे ते उत्तरेकडच्या टोकाला, वडशाला म्हणजे देसाईगंजला. सूरजागडला जाणाऱ्याला चंद्रपूर जिल्ह्यातले बल्लारशा अधिक सोयीचे. तिथे उतरून गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली, एटापल्ली असा शंभर किलोमीटरहून अधिक रस्ता उरतो. म्हणजे परदेशातून येणाऱ्याची साखळी अशी: विमान, मुंबईतला रस्ता, नागपूरची गाडी, बल्लारशाची गाडी, आलापल्लीची एस.टी. आणि शेवटी मिळेल ते वाहन. यातली पहिली जोड सांभाळली तर पुढच्या सांभाळल्या जाण्याची आशा, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू.

सगळी घड्याळे एक करा

विमानाच्या तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. लंडनहून रात्री नऊला निघालेले विमान मुंबईला पोचायला नऊ तास घेते असे धरू. थंडीत लंडनची वेळ आपल्या साडेपाच तास मागे असते. तिथे रात्रीचे ९ म्हणजे इथे पहाटेचे २.३०, त्यात ९ तास मिळवले की उतरण्याची वेळ सकाळी ११.३०. उन्हाळ्यात मात्र लंडनची घड्याळे एक तास पुढे केलेली असतात, त्यामुळे फरक साडेचार तासांचा होतो आणि तेच विमान इथे १०.३० ला उतरते. युरोपातली घड्याळे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. हा ऑक्टोबरचा रविवार दिवाळीच्या आगेमागे येतो, आणि नेमके तेव्हाच घरी येणारे पुष्कळ असतात. एका आठवड्याच्या अंतराने येणाऱ्या दोन भावांची विमाने लंडनहून एकाच वेळी सुटली, तरी मुंबईत ती एक तासाच्या फरकाने उतरू शकतात.

दुसरी अडचण तारखेची. परदेशची बरीच विमाने मुंबईला मध्यरात्रीनंतर उतरतात. १५ तारखेला ०.४५ ला उतरणारे विमान आपल्या बोलण्यात "चौदाच्या रात्री" येते. यात चूक कोणाचीच नाही. पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो, रेल्वेची आणि विमानाची तारीख मध्यरात्री बदलते. बोलताना आपण पहिली पद्धत वापरतो, तिकीट दुसऱ्या पद्धतीने छापलेले असते. मध्यरात्रीच्या आसपासच्या गाडीचे आरक्षण एक दिवस आधीचे किंवा नंतरचे होते ते या गोंधळामुळे.

घड्याळांचा हा गोंधळ भारतातही होता. मुंबईचा रेखांश पूर्वेला सुमारे ७२.८ अंश आहे आणि भारतीय प्रमाण वेळ ८२.५ अंशांच्या रेखावृत्ताची आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. ९.७ अंशांचा फरक म्हणजे ३९ मिनिटे. मुंबईची स्थानिक वेळ प्रमाण वेळेच्या तितकी मागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेने वेळापत्रकासाठी मद्रासची वेळ वापरली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा अर्धा तास पुढे होती. बोटीतून उतरून मुंबईच्या घड्याळाशी आपले घड्याळ जुळवणाऱ्या प्रवाशाने हा अर्धा तास ध्यानात घेतला नाही, तर गाडी निघून गेलेली असायची. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाण वेळ आली, पण मुंबई शहरात "मुंबई वेळ" १९५५ पर्यंत टिकून राहिली. सूरजागड ८० अंशांच्या किंचित पुढे, म्हणजे मद्रासच्या रेखावृत्ताच्या अगदी जवळ आहे. तिथला सूर्य आजही जवळपास त्या जुन्या रेल्वेच्या वेळेने चालतो. दोन्ही गावांचे घड्याळ एकच असले तरी सूरजागडला सूर्य मुंबईच्या सुमारे अर्धा तास आधी डोक्यावर येतो.

तेव्हा पहिला नियम असा: सगळ्या वेळा भारतीय प्रमाण वेळेत आणि चोवीस तासांच्या घड्याळात मांडाव्यात, आणि प्रत्येक वेळेशेजारी तारीख लिहावी. मगच बेरजेला बसावे.

सरासरीची बेरीज पुरत नाही

विमान उतरल्यापासून गाडीत बसेपर्यंतचे टप्पे मांडू. खालचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, ते कोणत्याही विमानतळाची मोजमापे नव्हेत. पहिला आकडा सरासरी मिनिटांचा. दुसरा प्रमाण विचलनाचा, म्हणजे प्रत्यक्ष वेळ सरासरीच्या मागेपुढे साधारण किती हेलकावते त्याचा.

विमानाचा उशीर: सरासरी २०, विचलन ४०
विमानातून बाहेर येणे व पासपोर्ट तपासणी: सरासरी ६०, विचलन २०
सामान व कस्टम: सरासरी ३५, विचलन १५
विमानतळ ते रेल्वे स्थानक: सरासरी ७०, विचलन २५
स्थानकात फलाट व डबा गाठणे: सरासरी २०, विचलन १०

सरासऱ्यांची बेरीज २०५ मिनिटे, म्हणजे ३ तास २५ मिनिटे. आता कोणी मधला वेळ बरोबर ३ तास २५ मिनिटांचा ठेवला तर? सरासरीपेक्षा जास्त वेळ लागण्याचा संभव जवळपास निम्मा असतो. म्हणजे दोनपैकी एकदा गाडी चुकेल. सरासरीवर वेळापत्रक आखणे हे नाणे उडवण्यासारखे आहे.

दुसऱ्या टोकाचा माणूस प्रत्येक टप्प्याला वाईटात वाईट वेळ धरतो. प्रत्येक ठिकाणी सरासरीत दोन विचलने मिळवली, तर २०५ मध्ये २२० ची भर पडून ४२५ मिनिटे होतात. सात तासांच्याही वर! हे गरजेपेक्षा जास्त का आहे, ते फाशांवरून समजेल.

पाच फासे

पाच फासे म्हणजे आपले पाच टप्पे समजा. फाशावर पडलेला आकडा म्हणजे त्या टप्प्याला लागलेला वेळ. एका फाशाची सरासरी साडेतीन, म्हणून पाचांची साडेसतरा. सगळ्यांत वाईट बेरीज ३०. पण ती येण्यासाठी पाचही फाशांवर सहाच पडायला हवेत, आणि असे ७,७७६ वेळांत एकदा घडते. २५ किंवा त्याहून मोठी बेरीज येण्याचे प्रकार २५२ आहेत, म्हणजे शंभरात सुमारे तीन. एवढे सोडले तर बाकी ९७ वेळा २४ मध्ये भागते.

असे का होते? एका फाशाने मोठा आकडा दाखवला तरी बाकीचे सगळेही मोठेच दाखवतील असे क्वचित घडते, म्हणून बेरीज सहसा मधल्या मध्ये राहते. प्रवासातही तसेच. पासपोर्टच्या रांगेत अर्धा तास जास्त गेला की सामान बहुधा आधीच पट्ट्यावर येऊन पडलेले असते. सगळे टप्पे एकाच दिवशी बिघडणे दुर्मीळ.

गणिताच्या भाषेत, टप्पे एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर विचलनांची नव्हे, त्यांच्या वर्गांची बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचे. आपल्या उदाहरणात १६०० + ४०० + २२५ + ६२५ + १०० = २९५०. वर्गमूळ सुमारे ५४. पाचही टप्पे मिळून विचलन ५४ मिनिटांचे, ११० चे नव्हे. या बेरजेत एकट्या विमानाचे १६०० आहेत, निम्म्याहून जास्त. स्थानकात धावतपळत दहा मिनिटे वाचवण्यापेक्षा वक्तशीर विमान निवडण्याने जास्त फायदा होतो, हेही या बेरजेतून दिसते.

अनेक स्वतंत्र टप्प्यांची बेरीज साधारण घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे विखुरते. तो वक्र आपल्याला पुढील अंदाज देतो.

मधला वेळ ३ तास २५ मिनिटे (सरासरीइतका): शंभरात ५० वेळा गाडी चुकेल
४ तास १९ मिनिटे (एक विचलन जास्त): शंभरात १६ वेळा
५ तास १३ मिनिटे (दोन विचलने जास्त): शंभरात सुमारे २ वेळा
६ तास ७ मिनिटे (तीन विचलने जास्त): हजारात एखाद वेळा

लेखाच्या सुरुवातीचे पाच तास यांत कुठे बसतात? सरासरीच्या पावणेदोन विचलने पुढे. शंभरात सुमारे चार वेळा गाडी चुकेल.

चुकली तर काय जाते?

शंभरात चार हे प्रमाण कमी की जास्त? याचे उत्तर उशिराच्या गणितात नाही. गाडी चुकल्यावर पुढची कधी आहे, त्यात ते आहे.

वरच्या यादीत प्रत्येक पायरी ५४ मिनिटांची आहे. पहिल्या पायरीने चुकण्याचे प्रमाण ५० वरून १६ वर येते, दुसरीने १६ वरून २.३ वर, तिसरीने २.३ वरून ०.१ वर. म्हणजे तीच ५४ मिनिटे आधी ३४ वेळा गाडी वाचवतात, मग साधारण १४ वेळा आणि शेवटी अवघ्या दोनदा. पुढच्या पायऱ्या महाग होत जातात. कुठे थांबायचे?

समजा, पुढची गाडी तासाभराने आहे. पहिल्या पायरीने शंभरात ३४ वेळा एक एक तास वाचतो, सरासरी २० मिनिटे. त्यासाठी ५४ मिनिटे आधी येऊन बसायचे, हा व्यवहार तोट्याचा. इथे राखीव वेळ ठेवू नये. पोचल्यावर जी गाडी मिळेल ती धरावी. मुंबईहून ठाण्याला जाणारा लोकलचे वेळापत्रक पाहत नाही, तो या गणिताने बरोबरच वागत असतो.

आता पुढची गाडी २४ तासांनी असेल तर? पहिल्या पायरीने सरासरी ८ तास वाचतात, दुसरीने ३ तासांच्या वर. दोन्ही ५४ मिनिटांपेक्षा जास्त, म्हणून दोन्ही पायऱ्या घ्याव्यात. तिसरीने वाचतो साधारण अर्धा तास, ती सोडावी. दिवसाला एकच गाडी असली की सव्वापाच तास योग्य.

आणि गाडी चुकल्यामुळे दोन दिवस जाणार असतील तर? रात्रगाडी चुकली, म्हणून बल्लारशाहून सुटणारी सोयीची एस.टी. चुकली, पुढच्या दिवशी वाहन मिळाले नाही, असे सूरजागडच्या वाटेवर सहज घडू शकते. ४८ तासांचा तोटा धरला तर तिसरी पायरीही सरासरी एक तास वाचवते आणि ५४ मिनिटांच्या किमतीला परवडते. विमान तेच, पासपोर्टची रांग तीच, मुंबईची वाहतूक तीच. तरी ठाण्याच्या माणसाने शून्य राखीव वेळ ठेवावा, नागपूरच्याने दोन पायऱ्या आणि सूरजागडच्याने तीन.

दुर्गमता आपण नकाशावर किलोमीटरमध्ये मोजतो. या हिशेबात ती दोन वाहनांमधल्या तासांत मोजली जाते. वाहने विरळ असतील तिथे उशिराची किंमत वाढते, आणि ती किंमत टाळण्यासाठी माणसाला आधीच वेळ खर्च करावा लागतो. दुर्गम गावच्या माणसाचा हा वाट पाहण्यात गेलेला वेळ कोणत्याही वेळापत्रकात दिसत नाही. परीक्षेला, दवाखान्याला किंवा कचेरीत जाणारा विद्यार्थी वा पालक आदल्या दिवशीच तालुक्याला येऊन राहतो, तेव्हा तो हाच हिशेब न लिहिता करत असतो. दूरच्या गावी पाठवायची लस किंवा प्रयोगशाळेकडे जाणारा रक्ताचा नमुना यांनाही हा हिशेब लागू पडतो. फरक इतकाच की थांबलेली लस नुसती उशिरा पोचत नाही, थंड ठेवली गेली नाही तर निरुपयोगी होते.

लांब शेपटी

घंटेच्या वक्रावर फार विसंबू नये, याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे की विमानाचा उशीर दोन्ही बाजूंना सारखा पसरत नाही. विमान वेळेआधी आले तर वीस-तीस मिनिटे येईल. उशीर मात्र सहा तास, बारा तास, एक दिवससुद्धा होऊ शकतो. आलेखाला उजवीकडे लांब शेपटी असते. कधी यंत्रातला बिघाड, कधी हवामान, कधी आकाशातली वाटच बंद. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपल्या हवाई हद्दीतला बराचसा मार्ग बंद ठेवला होता. एप्रिल २०२५ मध्ये तो भारतीय विमान कंपन्यांना पुन्हा बंद झाला. पश्चिमेकडून उत्तर भारतात येणाऱ्या त्यांच्या विमानांना वळसा घालावा लागला.

समजा, शंभरातली तीन विमाने अशी अर्ध्या दिवसाहून जास्त रखडतात. या तीन वेळा पाच तास ठेवले काय आणि सहा ठेवले काय, गाडी चुकणारच. आपल्या पाच तासांच्या उदाहरणात शंभरातले चार आता सुमारे सात होतात. शेपटीवर मिनिटांचा उपाय नसतो. ज्या कामाला पोचणे चुकवून चालणारच नाही, त्यासाठी अख्खा एक दिवस मध्ये ठेवणे हाच उपाय. एक दिवस मुंबईत राहायला सांगणारा तेवढ्यापुरता बरोबर असतो.

सगळेच एकदम उशिरा

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. वर्गमूळ काढताना आपण टप्पे स्वतंत्र धरले. ते नेहमी तसे असतात का? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. विमानतळ बंद पडला, रस्ते पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या. त्या दिवशी टप्प्यांचे उशीर वेगळे राहिले नव्हते. त्या सर्वांमागे एकच पाऊस होता.

फाशांकडे परत जाऊ. पाच फासे वेगळे न टाकता एकच फासा टाका आणि त्यावरचा आकडा पाचदा धरा. सरासरी तीच राहते, साडेसतरा. पण २५ किंवा जास्त बेरीज आता केव्हा येते? फाशावर पाच किंवा सहा पडला की, म्हणजे तीनांत एकदा. आधी हे प्रमाण शंभरात तीन होते, आता शंभरात तेहतीस झाले. एक टप्पा दुसऱ्याला सावरून घेतो हा आधारच इथे निघून जातो. आपल्या उदाहरणात विचलन ५४ ऐवजी पूर्ण ११० मिनिटांचे होते. मुंबईत जुलैमध्ये उतरणाऱ्याने म्हणूनच वर्गमूळ विसरावे आणि साधी बेरीज करावी.

उत्तर भारतात हेच काम डिसेंबर-जानेवारीतले धुके करते. दिल्लीत विमान उशिरा उतरते आणि दिल्लीकडून नागपूर, बल्लारशामार्गे चेन्नईकडे जाणाऱ्या गाड्याही रखडतात. इथे एक गंमत आहे. आपण ज्या गाडीची वाट पाहतो तिला उशीर झाला तर तो आपल्या पथ्यावर पडतो. मात्र गाडी जिथून सुरू होते त्या स्थानकातून ती सहसा वेळेवर सुटते, म्हणून हा दिलासा मधल्या स्थानकावर चढणाऱ्याला जास्त मिळतो. आणि गडचिरोलीच्या पावसाळ्यात रस्ताही एक टप्पा आहे हे विसरून चालत नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे वर्षानुवर्षे घडत आले आहे. तोच पाऊस आजूबाजूच्या नाल्यांवरही पडत असतो.

शरीराचे घड्याळ

तिकिटावरच्या वेळा जुळल्या तरी एक घड्याळ मागे राहते. आपल्या मेंदूतले दैनिक घड्याळ झोप, भूक, शरीराचे तापमान यांचा क्रम ठरवते. त्याच्या पेशींतली यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रोसबॅश आणि यंग या शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बाहेरचा प्रकाश नसेल तर हे घड्याळ माणसात चोवीस तासांहून किंचित लांब दिवस मोजते. म्हणून त्याला मागे ओढणे सोपे आणि पुढे ढकलणे अवघड. पूर्वेकडे येणाऱ्याला ते पुढे ढकलावे लागते. ढोबळ मानाने ते दिवसाला तासभर सरकते. लंडनहून येणाऱ्याला थंडीत पाच-सहा दिवस लागतात.

याचा गाडीशी संबंध असा: बल्लारशा पहाटे पाचला येत असेल, तर प्रवाशाच्या शरीरात तेव्हा लंडनचे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. रात्रभर बर्थवर टक्क जागा असलेला माणूस नेमका उतरण्याच्या वेळी गाढ झोपतो. गजर लावावा आणि शेजाऱ्यालाही सांगून ठेवावे. अशा अवस्थेत फलाट क्रमांक वाचताना, तारीख पाहताना चुकाही जास्त होतात. त्यामुळे स्थानकातला शेवटचा टप्पा कागदावर दिसतो त्यापेक्षा लांब धरावा.

राखीव वेळ कुठे ठेवावा?

आता सगळे एकत्र करू. सूरजागडच्या साखळीत विरळ वाहने शेवटी आहेत. मुंबई ते नागपूर ८३७ किलोमीटर. या मार्गावर रोज अनेक गाड्या आहेत. नागपूर ते बल्लारशा सुमारे दोनशे किलोमीटर. हा दिल्ली ते चेन्नई या मुख्य मार्गाचा भाग असल्याने तिथेही गाड्या बऱ्याच. एस.टी. मात्र मोजक्या. म्हणून मुंबईत जिवाचा आटापिटा करून ठरावीक गाडी पकडण्यापेक्षा, राखीव वेळ सर्वांत विरळ वाहनाच्या आधी ठेवावा. बल्लारशाला किंवा चंद्रपूरला आदल्या दिवशी पोचणाऱ्याचे मुंबईतले, नागपूरचे आणि वाटेतले सगळे उशीर त्या एका रात्रीत जिरून जातात. प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा वेळ ठेवला तर जिथे तो उरतो तिथला वाया जातो आणि पुढे कमी पडतो तो पडतोच.

दुसरे, थेट पण दिवसातून एकच असणाऱ्या गाडीपेक्षा नागपूरला बदलून जाणाऱ्या अनेक गाड्या बऱ्या पडू शकतात. हैदराबादला उतरून काझीपेटमार्गे बल्लारशाला येण्याचाही विचार करावा. सूरजागडला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ आहे. तिसरे, मुंबईत गाडी कोणत्या टर्मिनसवरून सुटते ते पाहावे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि कुर्ल्याचे लोकमान्य टिळक टर्मिनस यांत गल्लत होते. गाडी दादरला थांबत असेल तर चढण्याचे ठिकाण दादर घ्यावे: विमानतळापासून रस्ता कमी आणि गाडीही तिथे थोडी उशिरा येते. विमानतळाचेही नाव तिकिटावर पाहावे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, त्यामुळे नुसते "मुंबई" म्हणून आता भागत नाही.

यातले काही प्रवाशाच्या हाती नसते. जर्मनीत विमानाच्या तिकिटाला जोडून असे रेल्वे तिकीट मिळते, की ठरलेली गाडी चुकली तर पुढच्या गाडीने जाता येते. तिथे विमानाचा उशीर कमी झालेला नाही, उशिराची शिक्षा कमी झाली आहे. आपल्या रेल्वेने १ एप्रिल २०१९ पासून दोन आरक्षित गाड्यांची तिकिटे एकमेकांना जोडण्याची सोय केली. पहिल्या गाडीच्या उशिराने दुसरी चुकली तर तिचे भाडे परत मिळू शकते. पैसे परत मिळाले तरी तास परत मिळत नाहीत, आणि विमान व रेल्वे यांच्यात अशी जोडणी नाही. एटापल्लीला जाणारी आणखी एक एस.टी. हा या साखळीवरचा सर्वांत मोठा इलाज ठरेल. तिच्यामुळे कोणाचे विमान लवकर येणार नाही. पण चुकण्याची किंमत निम्म्यावर येईल आणि तिसरी पायरी चढायची गरज उरणार नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

विद्यार्थ्यांच्या गटांना पाच फासे द्यावेत आणि शंभर वेळा टाकून बेरजांचा स्तंभालेख काढायला सांगावा. मग एकच फासा शंभर वेळा टाकून आकड्याची पाचपट मांडावी. दोन आलेख शेजारी ठेवले की स्वतंत्र आणि एकमेकांशी बांधलेल्या उशिरांतला फरक शब्दांवाचून दिसतो.

त्यानंतर खऱ्या नोंदी घ्याव्यात. आपल्या गावात येणाऱ्या एखाद्या एस.टी.ची येण्याची वेळ महिनाभर लिहून ठेवावी: ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, त्या दिवशी पाऊस होता की नव्हता. त्यावरून सरासरी आणि विचलन काढावे. पावसाचे दिवस वेगळे काढून तेच पुन्हा करावे. शेवटी प्रत्येकाने एका प्रश्नाचे उत्तर आपापल्या गावासाठी लिहावे: ही गाडी चुकली तर पुढची किती वेळाने? शहरातल्या शाळेत हे उत्तर मिनिटांत येईल, एटापल्लीच्या शाळेत ते तासांत किंवा "उद्या" असे येईल. दोन्ही शाळांनी आपली उत्तरे एकमेकांना पत्राने कळवली, तर एका शहरी आणि एका जंगलातल्या मुलाला आपापल्या दिवसाची तुलना आकड्यांत करता येईल.